एका नावाची दोन टोकं: जबड्यातलं आणि कोपरातलं

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात माळावर हिंडलं की मेलेल्या जनावराची हाडं कुठे ना कुठे दिसतातच. कवटी लांबूनही ओळखू येते. खालचा जबडा मात्र सुटून बाजूला पडलेला असतो आणि त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पुढच्या वेळी बैलाचा असा सुका जबडा दिसला तर काठीने उलटा करून बघा. दाढांची रांग संपली की हाड एकदम वर वळतं आणि वर जाऊन त्याला दोन टोकं फुटतात. मागचं टोक जाड आणि वरून पसरट. ते कवटीला जाऊन मिळतं, तिथेच जबड्याचा सांधा होतो. पुढचं टोक पातळ, लांब, मागे झुकलेलं, आणि ते कशालाच टेकत नाही. तिथे ना दात, ना सांधा. मग हे टोक कशासाठी?

या पुढच्या टोकाला कोरोनॉइड प्रोसेस म्हणतात. वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी मुलांच्या हातात हाडांचा संच येतो, तेव्हा हेच नाव त्यांना दोनदा भेटतं: एकदा जबड्यावर आणि एकदा कोपराच्या हाडावर. नाव एक, पण कामं दोन टोकांची. जबड्यातला कोरोनॉइड ओढायला आहे, कोपरातला अडवायला. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत दोघांची वर्णनं वेगवेगळ्या प्रकरणांत पडतात, त्यामुळे हा फरक कुणी शेजारी ठेवून सांगत नाही. म्हणून इथे दोन्ही एकत्र घेतो.

आधी जबडा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यामागे, कानशिलावर बोटं ठेवा आणि दाढा करकचून दाबा. बोटांखाली जो टरारून वर येतो तो कानशिलाचा स्नायू, डॉक्टरांच्या भाषेत टेम्पोरॅलिस. कवटीच्या बाजूवर तो ऐसपैस पसरलेला असतो. खाली येता येता अरुंद होतो, गालाच्या हाडाच्या कमानीखालून आत शिरतो आणि जबड्याच्या त्या पुढच्या टोकाला येऊन चिकटतो. आता बोटं गालावर, जबड्याच्या कोनापाशी आणा आणि पुन्हा दाढा दाबा. इथे लागतो तो मॅसेटर. गालाच्या कमानीपासून निघून तो जबड्याच्या कोनावर उतरतो. आतल्या बाजूचे एक-दोन भिडू धरून चावण्याचं काम मुख्यतः या दोघांचं. कोणत्या प्राण्यात यांतला कोण वरचढ, हे स्नायू कुजून गेल्यावरही हाडावरून सांगता येतं.

टोक जितकं उंच, तितकी स्नायूची ओढ सांध्यापासून लांब लागते आणि तितका जोर वाढतो. शिवाय स्नायूला धरायला जागाही जास्त मिळते. पण यात फुकट काही नाही. ओढ लांबून लागली की स्नायू तेवढाच आखडूनही जबडा कमी फिरतो. ज्याला जोर हवा त्याला वेगावर थोडं पाणी सोडावं लागतं.

कुत्र्याचा जबडा बघा. कोरोनॉइड उंच, रुंद, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला चक्क खोलगट खड्डा, कारण तिथेही स्नायू बसलेला असतो. माळावरच्या लांडग्याचं आणि तरसाचं तेच, उसात वावरणाऱ्या बिबट्याचंही तेच. तरसाच्या कवटीवर तर मधोमध हाडाचा उभा कंगोरा असतो, कारण कवटीची बाजू कानशिलाच्या स्नायूला पुरत नाही. भक्ष्य तोंडात तडफडत असताना सुळे रुतवून धरायचे तर जबडा बराच उघडा असतानाही ओढ जोरकस लागायला हवी, आणि ते काम या स्नायूला चांगलं जमतं. मांसाहाऱ्यांत जबड्याचा सांधा दातांच्या रांगेच्या जवळपास त्याच पातळीवर असतो. त्यामुळे दाढा मागून पुढे क्रमाने मिटत येतात आणि मांस कातरलं जातं. सांध्याचं टोक आडव्या दंडगोलासारखं खोबणीत घट्ट बसलेलं, म्हणून जबडा वर-खाली होतो, आडवा फारसा हलत नाही. (बिबट्याची किंवा तरसाची कवटी रानात दिसली तर उचलून घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. वनखात्याला कळवा.)

आता रवंथ करणारी खिलार गाय समोरून बघा. जबडा वर-खाली कमी आणि आडवा जास्त फिरतो, एका बाजूने खाली, मग आत, मग वर. तिचा सांधा दाढांच्या रांगेच्या बराच वर असतो, त्यामुळे सगळ्या दाढा जवळपास एकाच वेळी एकमेकींवर येतात. कडबा दळायला हेच हवं. इथे खरा मालक मॅसेटर. जबड्याचा मागचा कोन त्याच्यासाठी पसरट झालेला असतो. बैलाचं कोरोनॉइड लांब दिसतं, म्हणून तो जोरदार चावत असेल असं वाटेल, पण ते पातळ आणि अरुंद आहे, आणि त्याला धरणारा स्नायू मॅसेटरपुढे किरकोळ आहे. टोकाची नुसती उंची मोजून चालत नाही. रुंदी बघायची, सांधा किती उंचावर आहे ते बघायचं, कोन किती पसरलाय तेही बघायचं. बिळातली घूस आणि रानातलं साळिंदर यांच्यात हा सगळा हिशेबच बदलतो: पटाशीच्या दातांनी कुरतडायचं तर जबडा पुढे ओढावा लागतो, ते मॅसेटर करतो, आणि कोरोनॉइड बुटकं राहतं.

सस्तन प्राण्यांपलीकडे गेलं की गोष्ट अजून रंगते. घोरपडीच्या खालच्या जबड्याच्या एकेका बाजूला एकच हाड नसतं, पाच-सहा हाडं एकमेकांत बसवलेली असतात, आणि कोरोनॉइड हे त्यांतलं एक स्वतंत्र हाड असतं. दातांची रांग संपते तिथे ते वर डोकावतं आणि जबडा मिटणारे स्नायू त्याच्यावर ओढ लावतात. घरातल्या पालीतही ते आहे. अजगरात त्याचा छोटासा अवशेष उरलेला आहे. शिराळ्याच्या नागपंचमीमुळे महाराष्ट्राला माहीत झालेल्या नागात मात्र हे हाड नाहीसंच झालं आहे. जो चावून खात नाही, अख्खं गिळतो, त्याला जोराच्या टोकापेक्षा जबड्याच्या दोन्ही बाजू सुट्या सुट्या पुढे सरकवता येणं जास्त मोलाचं.

आपल्या पूर्वजांतही एकेकाळी जबडा असाच अनेक हाडांचा होता. सस्तन प्राण्यांकडे येणाऱ्या वाटेवर दात धरणारं हाड मोठं होत गेलं, त्याच्या मागच्या बाजूला उंच कोरोनॉइड वाढलं, स्नायू त्याच्यावर सरकले आणि मागची हाडं लहान होत गेली. शेवटी दात धरणारं ते एकच हाड थेट कवटीला भिडलं. जुन्या सांध्याची दोन हाडं वाया गेली नाहीत. ती आज आपल्या मधल्या कानात आहेत, आवाज आत पोचवतात. गर्भाच्या वाढीचा अभ्यास करून जर्मन शास्त्रज्ञ रायखर्ट यांनी १८३७ साली हे नातं दाखवलं, म्हणजे डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक यायच्या बावीस वर्षं आधी.

माणसाचं कोरोनॉइड लहान, चपटं आणि त्रिकोणी. ते तोंडातून चाचपता येतं. बोट स्वच्छ धुऊन गाल आणि वरच्या दाढा यांच्या मधून मागे सरकवा आणि हळूहळू तोंड उघडा. गालाच्या आतून एक कडक कडा पुढे येऊन बोटाला दाबते. वरच्या शेवटच्या दाढेचं काम करताना दाताचे डॉक्टर “तोंड थोडं मिटा, जबडा या बाजूला सरकवा” असं सांगतात ते याच टोकामुळे. पूर्ण तोंड उघडलं की ते पुढे येऊन त्यांची जागाच अडवतं. दाढेच्या एक्सरेमध्येही कधी कधी त्याची सावली वरच्या अक्कलदाढेपाशी पडते आणि नवख्याला ती राहिलेल्या मुळाच्या तुकड्यासारखी दिसते. हे टोक गालाच्या कमानीआड, स्नायूंत दडलेलं असल्यामुळे मारामारीत किंवा अपघातात ते क्वचितच मोडतं. काही लोकांत ते गरजेपेक्षा जास्त वाढतं. मग तोंड उघडताना ते गालाच्या हाडाला आतून अडतं आणि तोंड उघडतच नाही. दुखत नाही, म्हणून बरेच दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्याकडे मात्र या टोकाची गाठ पडते ती वेगळ्याच कारणाने. सुपारी, मावा, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, आणि मावा पानटपरीवर कसा घासून मिळतो हे साताऱ्यात नि सांगलीत कुणाला सांगायला नको. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या पातळ अस्तराखाली तंतू साचत जातात. आधी तिखट झोंबायला लागतं. मग गालाच्या आत पांढुरके, ताठर पट्टे हाताला लागतात. मग तोंड उघडणं कमी होत जातं. साधारण आपली स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. दोन जात असतील तर दाखवायची वेळ झाली, एकच जात असेल तर उशीर झालाय. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि पुढे कॅन्सर होण्याचा धोका त्यात असतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं आहे. “मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो” या बचावात काही दम नाही.

आजार फार पुढे गेला की शस्त्रक्रिया करावी लागते. गालातले पट्टे कापतात, आणि तेवढ्याने तोंड उघडलं नाही तर दोन्ही बाजूंची कोरोनॉइड टोकं कापून काढतात. का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. इतकी वर्षं तोंड नीट न उघडल्यामुळे कानशिलाचा स्नायू आणि त्याचा कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) आखडलेला असतो, आणि तो जबड्याला याच टोकावर धरून ठेवतो. टोक सुटलं की पकड सुटते. नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, मग जेवणार कसा? जेवता येतं. मॅसेटर आणि आतले भिडू जाग्यावर असतात, तेच चावण्याचं काम सांभाळतात. खरी कसोटी नंतर असते. काही महिने रोज, दुखत असताना तोंड उघडण्याचे व्यायाम केले नाहीत तर केलेलं सगळं पुन्हा आखडतं.

आता कोपर. मनगटापासून कोपरापर्यंत आपल्या हातात दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं हाड म्हणजे अल्ना, कोपराचा सांधा मुख्यतः त्याचा. अल्नाच्या वरच्या टोकाला अर्धगोल खाच असते. फिटरच्या हातातल्या पान्याचं उघडं तोंड जसं नटाला धरतं, तशी ही खाच दंडाच्या हाडाचा गोल भाग धरून फिरते. पान्याचा मागचा मोठा ओठ म्हणजे ओलेक्रेनॉन, टेबलावर टेकवतो ते कोपराचं टोक. पुढचा छोटा ओठ म्हणजे कोरोनॉइड. हात वाकवला की पुढचा ओठ दंडाच्या हाडावरच्या पुढच्या खळग्यात जातो. सरळ केला की मागचा ओठ मागच्या खळग्यात जाऊन बसतो आणि हात तिथेच थांबतो.

पुढचा ओठ लहान असला तरी जोखमीचा. अल्ना मागे घसरू न देणं हे त्याचं काम. तळहात टेकवून जोर लावताना दंडाचं हाड अल्नावरून पुढे निसटू पाहतं, आणि त्याला अडवायला हाडाचा हा एवढासा उंचवटाच असतो. कोपराची आतल्या बाजूची महत्त्वाची अस्थिबंधनंही त्याच्याच कडेला बांधलेली असतात. मोठ्या माणसांत खांद्याच्या खालोखाल निखळणारा मोठा सांधा कोपराचा आहे, आणि बहुतेक वेळा तो मागेच निखळतो.

गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं, त्या मातीत हे कुणाला पुस्तकातून शिकायला लागत नाही. ढाक हा डाव बसला की पैलवान पाठ लागू नये म्हणून हात मागे टेकवतो. सगळं वजन, वर प्रतिस्पर्ध्याचंही, एका सरळ हातावर येतं. कोपर मागे निखळतं आणि निखळताना दंडाचं हाड कोरोनॉइडचा शेंडा छाटून जातं. पूर्वी असं मानलं जायचं की दंडाच्या पुढचा खोल स्नायू, ब्रेकिअॅलिस, तो शेंडा ओढून तोडतो. पण हा स्नायू शेंड्याच्या खाली, बुडाकडे चिकटलेला असतो. शेंडा सांध्याच्या आतच असतो. तो ओढून तुटत नाही, ठोकरून तुटतो.

किती तुटलं यावर पुढचं ठरतं. रीगन आणि मोरी या अमेरिकी डॉक्टरांनी १९८९ साली केलेली विभागणी अजून वापरात आहे: नुसता शेंडा, निम्म्यापेक्षा कमी उंची, निम्म्यापेक्षा जास्त. नुसता शेंडा गेला आणि सांधा बसवल्यावर जागेवर राहिला, तर बरेचदा प्लॅस्टर आणि लवकर हालचाल एवढ्यावर भागतं. निम्म्याहून जास्त गेला तर कोपर बसवलं तरी पुन्हा सटकतं. कोपर निखळणं, कोरोनॉइड मोडणं आणि शेजारच्या रेडिअस हाडाचं डोकं मोडणं ही तीन संकटं एकत्र आली तर सर्जन त्याला टेरिबल ट्रायड म्हणतात. तिथे बहुतेक वेळा शस्त्रक्रियेने दुरुस्ती केल्याशिवाय सांधा टिकत नाही.

आणि इथेच तेल लावून चोळण्याचा मुद्दा येतो. कोपर सुजलंय, चला हाडवैद्याकडे, वस्तादाकडे, चार दिवस रगडून घेऊ. मुरगळलेल्या घोट्याला यातलं थोडंफार खपून जातं. कोपराला खपत नाही. ब्रेकिअॅलिस सांध्याच्या अगदी अंगाला लागून असतो, दुखापतीत तो फाटलेला असतो, आत रक्त साचलेलं असतं. त्यावर रगडलं, हात जबरदस्तीने सरळ केला, की त्या स्नायूतच हाड तयार होऊ शकतं. मग हात अर्धवट वाकलेल्या अवस्थेत कायमचा अडकतो. मैदानावर एवढंच करा: कोपराला आधार द्या, आहे त्या स्थितीत झोळीत घ्या, बोटांना संवेदना आणि मनगटाची नाडी आहे का बघा आणि एक्सरेची सोय आहे तिथे न्या.

निखळलंय की मोडलंय याचा अंदाज बघायची एक जुनी खूण आहे. स्वतःच्या धडधाकट हातावर करून बघा. कोपर काटकोनात वाकवा. आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा, बाहेरच्या बाजूचा उंचवटा आणि मागचं टोक अशा तीन बिंदूंवर तीन बोटं ठेवा. त्रिकोण होतो. हात सरळ केला की तिन्ही बोटं एका ओळीत येतात. कोपर निखळलं की हा त्रिकोण बिघडतो. झाडावरून पडलेल्या पोराचं दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडलं असेल तर सूज तशीच दिसते, पण त्रिकोण शाबूत असतो. (आतल्या उंचवट्यामागे जोरात दाबू नका. तिथून नस जाते, करंगळीपर्यंत झिणझिण्या येतील.)

या त्रिकोणाचं मागचं टोक, ओलेक्रेनॉन, हाच माझ्या मते जबड्यातल्या कोरोनॉइडचा खरा जोडीदार. नाव वेगळं, पण काम तेच: स्नायूला ओढायला दांडा देणं. दंडाच्या मागचा ट्रायसेप्स त्याला धरतो आणि हात सरळ करतो. सांध्यापासून हा दांडा दोन-अडीच सेंटीमीटरचा, आणि तळहात तीसेक सेंटीमीटर लांब. म्हणजे जोर काढताना तळहाताखाली दहा किलोचा रेटा हवा तर ट्रायसेप्सला सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात ओढ लावावी लागते. माती उकरणाऱ्या प्राण्यांत हा दांडा लांब असतो. धावणाऱ्यांत हाताच्या लांबीच्या मानाने तो आखूड असतो. इथेही जोर आणि वेग यांचा तोच सौदा.

सह्याद्रीत, चांदोली-कोयनेच्या रानातही असणारं खवल्या मांजर या दोन्ही टोकांचा हिशेब एकाच अंगावर दाखवतं. मुंग्या आणि वाळवी जिभेने ओढून गिळायची, त्यामुळे तोंडात दात नाहीत. खालचा जबडा म्हणजे दोन बारीक हाडकाड्या, आणि कोरोनॉइड जवळजवळ नाहीच. पण वारूळ फोडायचं ते पुढच्या पंजांनी, म्हणून कोपरामागचं ओलेक्रेनॉन दणकट.

एक शेवटची गोष्ट, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड पाळणाऱ्यांसाठी. कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपराचं कोरोनॉइड दोन भागांचं असतं आणि आतल्या भागावर भार जास्त येतो. मोठ्या जातीचं पिल्लू भराभर वाढत असताना या भागाला तडा जातो, कधी तुकडाही सुटतो. हा दोष पुष्कळसा आनुवंशिक आहे, आणि पिल्लाला खाऊ घालून घालून गुबगुबीत केलं तर आणखी वाढतो. पाच-सहा महिन्यांपासून वर्षभराच्या आत पिल्लू पुढच्या पायाने लंगडायला लागतं, झोपून उठलं की जास्त, आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवून उभं राहतं. साध्या एक्सरेत हा तुकडा बरेचदा दिसत नाही, सीटी स्कॅन लागतो. त्यामुळे “एक्सरे नॉर्मल आहे, मोच असेल” एवढ्यावर थांबू नका. आणि घरातली आयबुप्रोफेनची गोळी अर्धी करून देऊ नका, कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती घातक ठरते.